उपरोक्त उशीच्या उंचीबाबत

आदरणीय वन्सं (आणि कागदोपत्री आमच्या मालकीणबाई) यांना,

घरातल्या तमाम कामकरी वर्गाचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल, जावईबापूंचा खांदा आता वर जाऊ लागला असेल (निदान पंख्याच्या बटणापर्यंत तरी), आणि मुलं अभ्यास करत नसली तरी करत असल्यासारखी दिसत असतील, अशी आशा करते. आमच्याकडे सगळे खुशाल. आईंचा गुडघा उत्तम, भूक उत्तम, आणि आवाजाबद्दल तर विचारूच नका. तुमच्या बंधुराजांचं पोट जरा पुढे आलंय. ते मागे घेण्याचा त्यांचा विचार आहे आणि तो विचार बऱ्याच दिवसांपासून चालू आहे.

एवढं सगळं फोनवर सांगता आलं असतं, मग ही बया कागद कशाला खर्चतेय, असं तुमच्या मनात येईल. तर घरातला फोन हल्ली गुंतलेला असतो (का, ते पुढे येईलच), आणि माझ्या फोनवरून बोलावं तर आईंचे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मिक्सर चालू असताना त्यांना पलीकडच्या खोलीत पुटपुटलेलं ऐकू येतं, आणि जे आपण मुद्दाम मोठ्याने सांगतो ते तेवढं येत नाही. म्हणून मी गच्चीवर, वाळत घातलेल्या अभ्र्यांच्या आडोशाला बसून लिहिते आहे. आईंना या पत्राचा पत्ता नाही आणि तो लागूही द्यायचा नाही.

आता नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येते. तुम्हाला त्या ऑनलाइन बाजारवाल्या कंपनीचा ईमेल आला असेल. वर लाल त्रिकोण, खाली सूचना, की आपल्या दुकानाविरुद्ध पैसे परत मागण्याच्या तक्रारी मर्यादेबाहेर गेल्या आहेत, शेवटची तक्रार मुदतीत मिटली नाही तर दुकान बंद करण्यात येईल. गेल्या खेपेला तुम्ही आलात आणि आईंच्या हाताला काहीतरी चाळा असावा म्हणून बसल्या बसल्या हे उशांचं दुकान उघडून दिलंत. नाव तुमचं, खातं तुमचं, फोन नंबर तुमचा, त्यामुळे दम तुम्हाला आणि घाम आम्हाला. त्या ईमेलखाली दोन बटणं आहेत, एक ‘दुकान बंद करा’ आणि दुसरं ‘म्हणणं मांडा’. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. दूध उतू जाईल या भीतीने तुम्ही ते तापायच्या आधीच गॅस बंद करता. म्हणून हात जोडून सांगते, पत्र वाचून होईपर्यंत पहिल्या बटणाकडे बघूसुद्धा नका. हे दुकान गेलं तर आईंचं काय होईल ते मला सांगवत नाही, पण सांगायला तर बसलेच आहे.

तुम्ही निघून गेलात तेव्हा आम्हाला वाटलं होतं, चार उशा ओळखीपाळखीत खपतील आणि आई कंटाळतील. कंटाळतात कसल्या. कापूस त्या स्वतः बोटांनी मोकळा करतात, दुकानातला पिंजलेला कापूस त्यांना चालत नाही. शिवाय एकसारख्या दोन उशा करायच्या नाहीत हा त्यांचा नियम. ऑर्डर आली की आधी मला बसवून ग्राहकाला प्रश्न पाठवायचे, की कुशीवर झोपता की पाठीवर, मान लांब आहे की आखूड, घोरता का (आणि खरं सांगा). ही प्रश्नावली ऑर्डरसोबतच्या छोट्या चौकटीतून एकदाच पाठवता येते आणि ग्राहकाला तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणता येतं. त्यामुळे ‘मान लांब की आखूड’ याला बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असं येतं, आणि आई त्यावरून जो काही अंदाज बांधायचा तो बांधतात. उशी शिवून झाली की परीक्षा. परीक्षा म्हणजे आई त्या उशीवर स्वतः डोकं ठेवून दुपारची झोप काढतात. झोप लागली तर उशी पास. (घोरल्या तर पहिल्या वर्गात पास.) ज्या दिवशी तीन ऑर्डरी असतात त्या दिवशी त्या दुपारभर उठतच नाहीत, आणि वर आम्हाला ऐकवतात की माझ्याइतकं काम या घरात कुणी करत नाही.

या परीक्षेमुळेच पहिली तक्रार आली. एका बाईंना नव्या कोऱ्या उशीवर एक लांब पांढरा केस सापडला. त्यांनी फोटो काढला, त्याला लाल गोल केला आणि पैसे परत मागितले. मी म्हटलं, आई, देऊन टाकू. तर आई म्हणतात, कशाचे? उशी तपासल्याची ती खूण आहे, सोनार सोन्यावर शिक्का मारतो तेव्हा कुणी पैसे परत मागत नाही. असं उत्तर खरंच पाठवायला लावलं त्यांनी मला. वन्सं, मला वाटलं आता दुकान संपलं. पण त्या बाईंनी तक्रार मागे घेतली आणि शेरा लिहिला, ‘आजीने झोपून पाहिलेली उशी, समाधानी आहे.’ त्यानंतर दोघांनी ‘केसवाली’ उशी मागितली.

रिफंड म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही आयुष्यात एकही चप्पल पहिल्या खेपेला ठेवून घेतलेली नाही. पण विकणाऱ्याच्या बाजूने ती काय चीज आहे ते मला आता कळलं. ग्राहकाने एक बटण दाबलं की आमच्याकडे तक्रारीची खिडकी उघडते. ग्राहक आणि विक्रेता यांनी एकमेकांशी मोकळं बोलायची तेवढी एकच जागा. खूश असलेल्या ग्राहकाला आमच्याशी बोलायची सोयच कंपनीने ठेवलेली नाही. त्याने तारे द्यायचे, फार तर ओळभर शेरा लिहायचा आणि चालू पडायचं. बोलायचं असेल तर भांडावंच लागतं. मधे कंपनीचा एक यंत्र-मदतनीस असतो, तो दर दोन वाक्यांनी ‘आपल्या भावना आम्हाला समजतात’ असं घालतो आणि करत काहीच नाही. (तुमचे भाऊ लग्न झाल्यापासून हेच करत आले आहेत, त्यामुळे मला त्या यंत्राची सवय व्हायला वेळ लागला नाही.) आणि आईंनी या खिडकीचं एक शास्त्र काढलं आहे. त्या म्हणतात, पैसे परत मागणाऱ्याला पैसे नको असतात गं, त्याला काहीतरी बोलायचं असतं.

हे शास्त्र दरवेळी लागू पडतं असं नाही. एका पठ्ठ्याने ‘उशी खराब आहे’ म्हणून पैसे परत घेतले आणि आमच्या खोक्यात घालून आमची उशी पाठवायच्या ऐवजी स्वतःची जुनी उशी पाठवली. काय तिचा अवतार. तेलाने काळी, मधे खड्डा, एका कोपऱ्यातून आतला कापूस बाहेर डोकावतोय. तुमच्या भावाने पुराव्यासाठी फोटो काढले, कंपनीला लिहायला चष्मा लावला. तोवर आईंनी उशी उसवलीसुद्धा. आतला कापूस धुतला, उन्हात टाकला, मोकळा केला, नवी खोळ शिवली आणि त्या लबाडाला त्याची उशी घरपोच परत पाठवली, पदरचा कुरिअर खर्च करून. मी म्हटलं, अहो आई, त्याने आपल्याला फसवलं. तर म्हणतात, फसवलं ते त्याने, उशीने काय केलंय? त्या माणसाने पाच तारे दिले आणि वर शेराही लिहिला. आमची चोरलेली उशी मात्र अजून त्याच्याकडेच आहे. तुमचे भाऊ तो शेरा अधूनमधून उघडून वाचतात आणि सुस्कारा सोडतात.

पण हे सगळे किरकोळ. दुकानावर संकट आणलं ते मानेवाल्यांनी. हे नाव आम्ही ठेवलं, कारण त्यांची तक्रार मानेची. गृहस्थ कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. हे आम्हाला नंतर कळलं, पण पहिल्या तक्रारीवरून ओळखायला हवं होतं. लोक लिहितात ‘बेकार माल, पैसे द्या’. यांनी लिहिलं होतं, ‘उपरोक्त उशी ही वाजवीपेक्षा उंच असून तिजवर डोके ठेवले असता अर्जदाराची हनुवटी छातीस टेकते. सबब रक्कम परत मिळावी.’ मी आईंना वाचून दाखवलं. आईंनी सुई खाली ठेवली. त्यांना आजवर लोकांनी केस सापडला म्हटलं, रंग आवडला नाही म्हटलं, पण उंचीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. म्हणाल्या, लिही, उशी उंच नाही, तुम्ही उशीवर खांदे ठेवता, खांदे गादीवर ठेवायचे असतात. तिकडून उत्तर आलं, खांद्यांचा मुद्दा गैरअर्जदाराने आयत्या वेळी उपस्थित केला असल्याने तो विचारात घेऊ नये. ‘गैरअर्जदार’ या शब्दाने आईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि वन्सं, तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

मग पुरावे सुरू झाले. त्यांनी उशीशेजारी पट्टी उभी करून फोटो पाठवला. आईंनी कळवलं, पट्टी तिरकी आहे. त्यांनी पट्टीशेजारी ओळंबा लावून दुसरा फोटो पाठवला. (हा माणूस घरात ओळंबा बाळगतो, यावरून काय ते समजा.) आईंनी सांगितलं, रिकाम्या उशीची उंची मोजून काय उपयोग, डोकं ठेवल्यावर ती दबते. आणि तुमच्या भावाला तसल्याच दुसऱ्या उशीवर पुरावा म्हणून झोपवलं. हनुवटीशी पट्टी धरून मी फोटो काढत होते तोवर पुरावा खरोखरच झोपी गेला, त्यामुळे त्या रविवारी भाजी आणायला मला जावं लागलं. तिकडून दोन हरकती आल्या. एक, साक्षीदार गैरअर्जदाराच्या कुटुंबातला आहे. दोन, साक्षीदाराला दोन हनुवट्या असून मोजमाप कोणत्या हनुवटीपासून घेतलं याचा खुलासा नाही. तुमचे भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आई मात्र हसता हसता खोकल्या, मी पाणी आणून दिलं तर पाणी पितानाही हसत होत्या.

आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी मानेवाल्यांनी तक्रार मागे घेतली. पैसे न घेता. वर लिहिलं, ‘तूर्तास’. आम्ही हुश्श केलं. आईंनी केलं नाही. त्या दिवसभर खोलीतून बाहेर आणि बाहेरून खोलीत फिरत होत्या, मला तीनदा विचारलं की खिडकी आता उघडत नाही का. मी म्हटलं, तक्रारच नाही तर खिडकी कशी उघडेल. पुढच्या आठवड्यात मानेवाल्यांची नवी ऑर्डर आली. उशी एक. प्रश्नावलीला उत्तर ‘हो’. आईंनी ती उशी इतकी मन लावून शिवली, दोन दुपारी तिच्यावर झोपून पाहिली. उशी पोचली आणि तासाभरात तक्रार हजर, ‘उपरोक्त उशी’ही पहिल्या उशीइतकीच उंच. मी म्हटलं, अरे देवा. आई म्हणाल्या, थांब, केस विंचरून येते. खिडकीतून चेहरा दिसत नाही हे त्यांना माहीत आहे, मी सांगितलंय. तरी विंचरून आल्या.

असं किती वेळा झालं म्हणून सांगू. ऑर्डर, उशी, तक्रार, भांडण, शेवटच्या दिवशी माघार. त्यांच्या घरात आता उशांवर उशा झाल्या असतील, बसायला जागा आहे की नाही कोण जाणे. भांडण उंचीवरून सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं, चहात साखर आधी की नंतर, दुपारी झोपणारा माणूस आळशी की शहाणा, कोर्टाच्या बाकांवर लोक वर्षानुवर्षं कसे बसतात आणि त्यांना उशा का देत नाहीत. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची भांडणं लिहून घेतली, स्वतःचं एकही करायला मिळालं नाही, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. आईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, लिही, तरीपण उशी उंच नाही. गंमत ही, की कंपनीच्या हिशेबात मागे घेतलेली तक्रारसुद्धा तक्रारच. आमचा त्रिकोण हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी होत गेला. तुमचे भाऊ म्हणाले, या माणसाला विकणंच बंद करू, तशी सोय आहे. आईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते तसेच बाजूच्या खोलीत गेले आणि तिथे काय काम आहे ते शोधत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर एकमेकांचा फोन नंबर घ्यायचा. तिथेच तर मेख आहे. त्या खिडकीत आकडा लिहिला की यंत्र तो खोडतं आणि जागी तारे टाकतं, ग्राहकाने आणि दुकानदाराने परस्पर व्यवहार करू नये म्हणून. मानेवाल्यांनी आकडे अक्षरांत लिहून पाहिले. तारे. मग म्हणे ‘वर्षाच्या महिन्यांतून आठवड्याचे दिवस वजा करता जे उरेल ते’. यंत्राला तेही कळलं. पुढे ते यंत्र इतकं संशयी झालं की आईंनी ‘आम्ही दोघी’ लिहिलं तर ‘दोघी’ खोडलं, ‘एकदा’ लिहिलं तर तेही खोडलं. दुकानाला वर्षात मिळाले नाहीत एवढे तारे त्या खिडकीत एका दुपारी पडले. आई म्हणाल्या, मला काही नंबर-बिंबर नको, चौकशीच्या सोयीसाठी ते विचारत असतील. आणि पुढच्या उशीच्या खोळीवर, कडेच्या निळ्या वेलीखाली, त्यांनी आपला फोन नंबर टाके घालून भरला. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, नक्षी.

उशी गेली. आई दारावरची घंटा वाजली तरी फोनकडे बघायच्या. आणि तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली. ‘अर्जदाराने वेलीची नक्षी मागवली असता उपरोक्त खोळीवर काही आकडे आढळून आले. सदर आकडे कापड गिरणीचा क्रमांक असावेत. हा उत्पादनातील दोष असून सबब रक्कम परत मिळावी.’ सोबत फोटो, आणि फोटोतल्या नंबरावर यंत्राने काळी पट्टी मारलेली. वन्सं, मी आईंना तुमच्या लग्नात, सगळी वरात जेवायला बसली आणि मीठ संपलं तेव्हासुद्धा एवढं रागावलेलं पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं कागद वाचणारा माणूस आणि दहा आकडे वाचता येऊ नयेत, असं म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या बोटाने उत्तर लिहिलं, ‘तो दोष नाही. देवाने डोकं नुसतं उशीवर ठेवायला दिलेलं नाही.’ हे वाक्य यंत्राने ‘ग्राहकाशी असभ्य वर्तन’ या खान्यात टाकलं, त्रिकोण लाल झाला आणि तुम्हाला तो ईमेल आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला फोन वाजला. मी उचलला. पलीकडून अत्यंत खालच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, अर्जदार बोलतोय. मी फोन आईंच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात येऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले, कारण मला भरून आलं होतं. तेव्हापासून फोन गुंतलेला आहे.

तुम्हाला आता एक गोष्ट सरळच सांगते, कारण हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आई आणि बाबा कसे भांडायचे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. पंख्याच्या वेगावरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून, कोण आधी मरणार यावरूनसुद्धा. बाबा गेले आणि घरात शांतता आली, आणि ती शांतता आईंना बाधली. मी वाद घालावा तर सून उलट बोलते असं होईल, म्हणून मी ‘हो आई’. तुमचे भाऊ जन्मापासूनच ‘हो आई’. तुम्ही लांब, फोनवर वेळ थोडा, त्यात कशाला वाकडं बोला, म्हणून तुम्हीही ‘हो आई’. इतक्या सगळ्या होकारांच्या मधे बसून त्या वाळत चालल्या होत्या, आणि आम्ही आपले गुडघ्याला तेल लावत होतो. बरोबरीने ‘नाही’ म्हणणारं माणूस त्यांना या तक्रारीच्या खिडकीत सापडलं. मला त्यांचा आनंद बघून आनंद होतो, बस्स, एवढंच.

राहिलं दुकान. शेवटची तक्रार, ती आकड्यांची, अजून उघडी आहे. तुमचे भाऊ म्हणतात, पैसे परत देऊन मोकळे होऊ. आई म्हणतात, पैसे दिले म्हणजे दोष कबूल केला, दुकान गेलं तरी बेहत्तर. (दुकान गेलं तर त्या दुपारी कशावर झोपणार हे त्यांनी ठरवलेलं नाही.) म्हणून परवा आई आंघोळीला गेल्या असताना मानेवाल्यांचा फोन आला तेव्हा मीच त्यांना धरलं. म्हटलं, काका, तुमच्या तक्रारीपायी आमचं दुकान बुडतंय, ती मागे घ्या. ते बिचारे घाबरले. म्हणाले, मला याची कल्पना नव्हती, आत्ता घेतो. मग त्यांना आपला पेशा आठवला. म्हणाले, मागे घ्यायला हरकत नाही, त्या यंत्राला हे प्रकरण चालवण्याचा अधिकारच पोचत नाही. पण मूळ वाद उंचीचा आहे, तो कुठेतरी चालला पाहिजे. यासाठी स्थळपाहणी व्हावी, म्हणजे मी उशी घेऊन प्रत्यक्ष तुमच्या घरी येतो, आणि दोन्ही बाजूंना मान्य असा एक पंच नेमावा. पंच नेमल्याचं मला कळवा, त्याच मिनिटाला तक्रार मागे घेतो. मी हे आईंना सांगितलं. त्यांनी कापूस मोकळा करत करत सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, येऊ दे की, मी काय भिते त्यांच्या पट्टीला? आणि उठून बैठकीच्या खोलीचे पडदे काढून धुवायला टाकले.

तेव्हा तुम्ही आता एवढंच करा, ‘म्हणणं मांडा’ हे बटण दाबून ‘प्रकरण आपसांत मिटत आहे’ असं एका ओळीत लिहा. बाकी आम्ही बघतो. जावईबापूंना नमस्कार, मुलांना लाड, आणि तुमची ती उशी (तुम्ही नेलेली, हिरव्या काठाची) बरी आहे ना? नसेल तर तक्रार करू नका, आमचा कोटा संपलाय.

तुमची,
उशा सोडून बाकी सगळं शिवणारी भावजय

ता. क. पंच कोण हे वर लिहायचं राहिलं. तुम्ही. मानेवाल्यांना चालणारा पंच म्हणजे जो आईंना घाबरत नाही, आणि आईंना चालणारा म्हणजे जो खोटं बोलत नाही. असं माणूस या घराण्यात एकच आहे आणि ते दोन दिवसांच्या प्रवासावर जाऊन बसलंय. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार धरलाय. तिकीट काढलंत की मला कळवा, मी त्यांना कळवते, ते तक्रार मागे घेतील, दुकान वाचेल.

आणखी ता. क. खरं तर दुकानाची मला तेवढी काळजी नाही. आईंनी तुमचं नाव क्षणात घेतलं आणि लगेच म्हणाल्या, नको, तिला बोलावू नकोस, तिला काय वाटेल. त्या संध्याकाळी फोन वाजला तर म्हणाल्या, सांग, मी झोपलेय. वन्सं, त्या यंत्राचं म्हणणं काहीही असो, आई थांबल्या आहेत त्या तुमच्या परवानगीसाठी. तेव्हा पंच म्हणून या, किंवा लेक म्हणून या, पण या.

ता. क. (हे मी लिहिते आहे, तुझी आई.) हे पत्र हिने धुतलेल्या अभ्र्यांच्या घडीत लपवलं होतं. या घरात अभ्र्यांच्या घड्या कोण घालतं हे इतक्या वर्षांत तिला कळलेलं नाही. सगळं वाचलं. मी घोरत नाही, बाकी बरं लिहिलंय, तिला काही बोलू नकोस. जावयांच्या खांद्याला गरम पाण्याने शेकत जा. आता एक फक्त तुला सांगते. उशी उंच आहे. पहिलीही उंच होती, नंतरच्या मी मुद्दाम तशाच केल्या. मूठभर कापूस काढला की झालं असतं. तू पट्टी लावलीस की तुला दिसेलच, आणि तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा ये, त्यांचं ऐकून घे, माझं ऐकून घे, चहा पी. पण निकाल देऊ नकोस. पुढची तारीख दे.